‘पुन्हा असं करेल का?’: कोर्टामार्फत मनोरुग्णालयात गेलेल्या माणसाला घरी आणताना

हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे ज्यांच्या घरातल्या माणसाने आजाराच्या भरात कुणाला तरी जखमी केलं, आग लावली, कधी त्याहूनही वाईट घडलं. पोलीस आले, केस झाली आणि तो माणूस ठाण्याच्या तुरुंगातून किंवा तळोज्याहून वागळे इस्टेटजवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोहोचला. काही महिने, काही वर्षं गेली. आता डॉक्टर म्हणतात, तब्येत स्थिर आहे, घरी न्यायचा विचार करा. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, करून नुकतेच या कामात उतरलेल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, कारण फॉरेन्सिक मानसोपचार, म्हणजे गुन्हा आणि मानसिक आजार जिथे एकत्र येतात तो विषय, आपल्याकडे वर्गात एखाद्या तासापुरताच येतो आणि मग थेट वॉर्डात समोर उभा राहतो.

घरचे पहिल्याच भेटीत विचारतात, ‘पुन्हा असं करेल का?’ प्रामाणिक डॉक्टर याचं हो किंवा नाही असं उत्तर देत नाही, आणि घरच्यांना वाटतं तो अंग काढून घेतोय. तसं नसतं. प्रश्नच थोडा बदलून घ्यावा लागतो: कोणत्या परिस्थितीत, कुणाला, किती गंभीर इजा होऊ शकते, आणि ते घडण्याआधी आपल्याला किती दिवस आधी कळेल? या चार गोष्टी नीट लिहून काढता आल्या की धोक्याचं मूल्यांकन आणि पुनर्वसन ही दोन वेगळी कामं राहत नाहीत. धोका कुठे आहे हे कळलं की घरी काय करायचं तेही कळतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाणाऱ्यांत, लुबाडल्या जाणाऱ्यांत ती जास्त असतात. मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात, १९९८ साली, असं दिसलं की ज्यांना दारू वा नशेची समस्या नव्हती त्यांच्यातलं हिंसेचं प्रमाण त्याच वस्तीतल्या, नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांइतकंच होतं. तुमच्या घरात एकदा वाईट घडलेलं आहे, म्हणून तुमची काळजी खरी आहे. पण ती काळजी आजाराच्या नावावर न ठेवता नेमक्या कारणांवर ठेवायची आहे.

पहिली पायरी: फाईल उघडा आणि केस कुठे आहे ते बघा

बहुतेक कुटुंबांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद असतात, पण केस कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारलं तर ‘तारीख पडते’ एवढंच सांगता येतं. इथे चार निराळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की वर्षं वाया जातात.

एक, गुन्हा घडला त्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत होतं का? हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानातल्या कलम ८४ चा प्रश्न. दोन, आज त्याला खटला समजतो का, वकिलाशी बोलून बचाव करता येतो का? तीन, आज त्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना धोका आहे का? चार, त्याला रोजच्या जगण्यात किती आधार लागतो? कुणी गुन्ह्याच्या वेळी पूर्ण भानावर नसेल, पण आज खटल्याला पूर्ण सक्षम असेल. कुणी खटल्याला सक्षम नसेल, पण त्याच्यापासून मुंगीलाही धोका नसेल. डॉक्टरचा रिपोर्ट हातात आला की तो या चारपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते आधी विचारा.

कायद्याची कलमं १ जुलै २०२४ पासून बदलली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा भाग कलम ३६७ ते ३७८ मधे आहे. जुन्या केसच्या कागदांवर मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेची ३२८ ते ३३९ ही कलमं दिसतील. आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरू नका, क्रम तोच आहे.

खटला अजून चालू असेल आणि तो बचाव करण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम ३६९ वाचा, वकिलाकडून वाचून घ्या. गुन्हा जामीनपात्र नसला तरी या कलमाखाली जामीन मिळू शकतो. त्यासाठी त्याला दाखल ठेवण्याची गरज नसावी लागते, आणि जवळच्या नातेवाइकाने वा मित्राने दोन गोष्टींची हमी द्यावी लागते: जवळच्या दवाखान्यात नियमित ओपीडी उपचार करून घेऊ, आणि त्याने स्वतःला वा दुसऱ्याला इजा करू नये याची काळजी घेऊ. कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं.

कोर्टाने आजारामुळे निर्दोष सोडलं असेल, पण कृत्य त्यानेच केलं असं म्हटलं असेल, तर कलम ३७४ लागू होतं. ‘निर्दोष’ ऐकून घरचे पेढे आणायला निघतात आणि मग कळतं की तो लगेच घरी येणार नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं, किंवा नातेवाइकाच्या वा मित्राच्या हवाली करू शकतं. हवाली करायचं तर नातेवाइकाने स्वतः अर्ज करायला हवा आणि हमी द्यायला हवी. अर्ज केला नाही तर कोर्ट आपणहून त्याला तुमच्या दारात आणून सोडणार नाही. ताब्यात ठेवल्यानंतरही कलम ३७७ आणि ३७८ खाली वाट उरते. त्याला सोडल्यास धोका नाही असं प्रमाणित झालं की राज्य सरकार सुटकेचा आदेश देऊ शकतं, किंवा एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची समिती नेमू शकतं. आणि नातेवाईक त्याला आपल्या ताब्यात देण्यासाठी सरकारकडे अर्ज करू शकतात.

आसामचे मचांग लालुंग १९५१ साली पकडले गेले आणि २००५ साली सुटले. मधली चोपन्न वर्षं, कधी मनोरुग्णालयात कधी तुरुंगात, खटला न चालता गेली, कारण पाठपुरावा करणारं कुणी नव्हतं. म्हणून फाईल बघा म्हणून सांगते.

वकील परवडत नसेल तर ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कोठडीत किंवा मनोरुग्णालयात असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे. हेल्पलाइन १५१००.

दुसरी पायरी: मूल्यांकन म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्या

डॉक्टरने समोर बसवून पाच मिनिटं बोलून ‘आता बरा दिसतोय’ म्हणणं म्हणजे धोक्याचं मूल्यांकन नव्हे. नुसत्या अंदाजावर दिलेलं मत फार भरवशाचं नसतं, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. दुसरीकडे नुसता आकडा काढणारी साधनं आहेत: वय, पूर्वीचे गुन्हे वगैरे घाला आणि टक्केवारी घ्या. त्यांची अडचण अशी की भूतकाळ बदलत नाही, म्हणजे माणूस कितीही सुधारला तरी आकडा तिथेच.

मधली वाट म्हणजे ठरलेले मुद्दे सगळे तपासून मग तज्ज्ञाने मत देणं. यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं साधन एचसीआर-ट्वेंटी, कॅनडात तयार झालेलं. त्याची तिसरी आवृत्ती २०१३ ची. त्यात २० मुद्दे आहेत. दहा भूतकाळाचे: पूर्वीची हिंसा, नशा, नोकरी, नातेसंबंध, लहानपणीचे आघात, आजार, आधीच्या उपचारांना दिलेला प्रतिसाद असे. पाच सध्याच्या मनःस्थितीचे: आजाराची जाण, मनातले हिंसक विचार, लक्षणं, अस्थिरता, उपचारांचा परिणाम. आणि पाच पुढच्या आयुष्याचे: राहणार कुठे, आधार कुणाचा, दवाखाना मिळणार का, ताण आला तर काय करेल. यात बेरीज करून निकाल लावायचा नसतो. कोणता मुद्दा या माणसाच्या बाबतीत महत्त्वाचा आणि का, हे लिहायचं असतं. दवाखान्यात हे छापील साधन वापरत असोत वा नसोत, चांगला डॉक्टर आणि सोशल वर्कर हेच प्रश्न विचारतात.

हे करूनही चुका होतात, आणि त्या का होतात ते एका काल्पनिक हिशोबाने बघा. समजा १०० जण घरी गेले आणि त्यातले ५ जण वर्षभरात पुन्हा गंभीर हिंसा करणार आहेत. आपली चाचणी ८० टक्के वेळा बरोबर ठरते. मग पाचांतले ४ ती पकडेल. पण उरलेल्या ९५ जणांपैकी १९ जणांवरही ‘धोकादायक’ असा शिक्का मारेल. म्हणजे २३ जण अडकले, त्यातले १९ निष्कारण. म्हणून ‘हाय रिस्क’ हे दोन शब्द वाचून कुणाचं आयुष्य ठरवू नका आणि ‘लो रिस्क’ वाचून गाफील राहू नका. पुढची वाक्यं वाचा. पुढे वाक्यंच नसतील तर डॉक्टरांना लिहायची विनंती करा.

तिसरी पायरी: घरच्यांनी सांगायची हकीकत

सगळ्यात मोलाची माहिती घरच्यांकडे असते आणि सगळ्यात वाईट पद्धतीने सांगितली जाते ती हीच. ‘अचानक केलं हो, काही कारण नव्हतं.’ अचानक क्वचितच असतं. घटनेच्या आधीच्या तीन महिन्यांची वही करा. गोळ्या वा इंजेक्शन कधी बंद झालं, झोप कधी बिघडली, कामावर काय झालं, दारू कधी वाढली, कुणाबद्दल काय बोलायला लागला, कोणती वस्तू जवळ ठेवायला लागला. मग घटनेचा दिवस: सकाळपासून कोण कुठे होतं, काय बोलणं झालं, हातात जे होतं ते तिथेच पडलेलं होतं की शोधून आणलं होतं, आणि नंतर तो काय म्हणाला. पळाला, रडला, की शांत बसून राहिला? पूर्वीच्या लहानसहान घटनाही लिहा. आईला ढकललं होतं, टीव्ही फोडला होता, त्या पोलिसांपर्यंत गेल्या नाहीत म्हणून लपवू नका.

हे कसं कामी येतं ते दाखवते. पुढचा माणूस खरा कुणी एक नाही. अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. दिघ्याच्या एका चाळीत राहणारा, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत पॅकिंगला असलेला तिशीतला तरुण. शेजारी भिंतीतून आपल्या अंगात करंट सोडतो अशी त्याची खात्री झाली आणि एका रात्री त्याने पान्याने शेजाऱ्याचं डोकं फोडलं. घरचे म्हणाले, अचानक. वही केली तेव्हा असं दिसलं: वडील गेल्यावर महिन्याचं इंजेक्शन चुकलं, कारण नेणारे तेच होते. मग कंपनीत नाईट शिफ्ट लागली. दिवसा पत्र्याच्या गरमीत झोप होईना, म्हणून थोडी दारू. साधारण तीन आठवडे आधी तो प्लगच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबायला लागला होता. वहिनी मोबाईल चार्जिंगला लावायला गेली की बोळा काढायची, परत तो घालायचा. महावितरणकडे त्याने तक्रारही लिहिली होती. घरात यावरून थट्टा झाली.

आता धोका असा लिहिता येतो: औषध बंद, त्यात झोप नाही आणि दारू, अशा वेळी त्याचा भ्रम परततो. धोका आहे तो भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला, रस्त्यावरच्या कुणालाही नाही. हाताला लागेल त्या वस्तूने मारतो, आधी तयारी करत नाही. आणि जवळजवळ तीन आठवड्यांची सूचना मिळते. प्लगमधला कागद ही पहिली खूण. या चार ओळींवरून पुढचं सगळं ठरतं: तीच खोली नको, इंजेक्शन नेण्याची जबाबदारी एका माणसाच्या जिवावर नको, नाईट शिफ्ट नको, दारूवर स्वतंत्र उपचार हवेत, आणि प्लगवर लक्ष हवं.

धोका किती नेमका असतो याचं दुसरं टोक म्हणजे बाळंतपणानंतरच्या तीव्र आजारात बाळाला इजा केलेली आई. ती बरी झाल्यावर कुणाला काही करेल ही भीती बहुतेकदा निराधार असते. खरा धोका पुढच्या बाळंतपणात आहे, कारण तो आजार उलटण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा दिवस राहायच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतीचे डॉक्टर दोघांशी बोलणं हीच तिची सुरक्षा योजना. प्रत्यक्षात काय होतं? सासर दार बंद करतं, माहेर ‘लोक काय म्हणतील’ म्हणतं, आणि ती बरी होऊनही वॉर्डातच राहते. बायकांच्या वॉर्डातून अशा स्त्रियांना बाहेर पाऊल टाकायला मदत करणारा टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘तराशा’ हा प्रकल्प ठाण्याच्या मनोरुग्णालयातल्या स्त्रियांसोबत काम करत आला आहे. वॉर्डच्या सोशल वर्करला त्याबद्दल जरूर विचारा.

चौथी पायरी: ज्याला धोका आहे त्याला एकट्याला विचारा

हे मी सगळ्यांत आग्रहाने सांगते. अशा घटनांत इजा झालेला माणूस पुष्कळदा घरातलाच असतो: आई, बायको, भाऊ. डिस्चार्जच्या बैठकीत सगळे एकत्र बसतात, थोरला भाऊ म्हणतो ‘आम्ही सांभाळू’, आणि आई मान डोलावते. तिला वेगळ्या खोलीत विचारलं तर ती सांगते की रात्री ती कडी लावून झोपणार आहे. आईला ‘तुला तुझा मुलगा नको का?’ असं विचारायचं नाही. ‘तो घरी आला तर रात्री तुम्ही कुठे झोपाल? तो चिडला तर कुणाच्या घरी जाल?’ असं विचारायचं. उत्तर नसेल तर घर अजून तयार नाही, आणि त्यात आईचा काही दोष नाही.

जखमी झालेला माणूस शेजारी असेल तर त्याच भिंतीला लागून परत राहायला जाऊ नका. भाडं दोन हजार जास्त पडलं तरी घणसोलीला, कळव्याला, जिथे जमेल तिथे खोली बघा. ती शक्यता नसेल तर वकिलाला विचारून, कोर्टाच्या अटी पाहून, त्या कुटुंबाशी घरातल्या मोठ्या माणसाने बोलावं. रुग्णाला माफी मागायला लगेच तिथे नेऊ नये. त्यांची तयारी असल्याशिवाय ती माफी त्यांच्यावर दुसरा घाला ठरते.

पाचवी पायरी: औषधं

दवाखान्यातल्या स्थिरतेचा मोठा भाग औषधांचा असतो, आणि घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ती कशी चुकतात याचे काही ठरलेले रस्ते आहेत. जो पूर्वी औषध सोडून आजारी पडला त्याच्यासाठी महिन्याला घ्यायचं इंजेक्शन पुष्कळदा गोळ्यांपेक्षा बरं, कारण चुकलं तर दवाखान्याच्या रजिस्टरवर त्याच दिवशी दिसतं. गोळ्या असतील तर त्या कोण देणार, तो नसेल तेव्हा कोण, हे दोन माणसांच्या नावानिशी ठरवा.

क्लोझापीन हे भास-भ्रमावरचं औषध चालू असेल तर चार गोष्टी फ्रिजवर लावून ठेवा. रक्ताची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवायची नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. ताप किंवा घसा दुखणं आलं तर वाट न बघता दाखवायचं. औषध ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर आपणहून पूर्ण डोस सुरू करायचा नाही. तो पुन्हा कमी मात्रेपासून चढवावा लागतो, डॉक्टरांना फोन करा. आणि चौथी गोष्ट फार कमी घरांना सांगितली जाते: विडी-सिगारेटच्या धुराने या औषधाची रक्तातली पातळी उतरते. वॉर्डात विडी मिळत नव्हती, तेव्हा जो डोस पुरत होता तो घरी येऊन दिवसाला विडीचं बंडल सुरू झालं की कमी पडू लागतो. औषध वेळेवर घेतोय, तरी भास परत येतायत, असं दिसलं तर हे कारण असू शकतं. उलटही होतं: विडी एकदम सोडली तर पातळी चढते, गुंगी आणि लाळ वाढते. तंबाखू मळून खाण्याने असं होत नाही, परिणाम धुराचा आहे. विडी सुरू झाली वा सुटली, डॉक्टरांना सांगायचंच.

लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध असेल तर जुलाब-उलट्या आणि मे महिन्याचा घाम याकडे लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना न विचारता अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका.

सहावी पायरी: एकदम नाही, थोडं थोडं घरी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधे डिस्चार्जचं नियोजन रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून करायचं असं स्पष्ट म्हटलं आहे. ‘उद्या घेऊन जा’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नियोजनाची बैठक मागा. कोर्टाच्या आदेशाने दाखल असलेल्याला रजेवर पाठवण्यासाठी परवानगी लागते, तेव्हा तिथे घाई करू नका. पण वॉर्डातल्या भेटी वाढवणं तर कुणाच्याही हातात आहे. ज्याच्याबरोबर राहायचं आहे त्यानेच भेटायला जावं. दर वेळी थोरला भाऊच जात असेल आणि घरात दिवसभर वहिनी असणार असेल, तर वहिनीलाही न्या.

याच काळात रुग्णाबरोबर बसून खुणांचा कागद तयार करा. त्याच्याच शब्दांत. दिघ्याच्या आपल्या तरुणाचा कागद असा होऊ शकतो: ‘मी ठीक असतो तेव्हा रात्री अकराला झोपतो आणि क्रिकेट बघतो. बिघडायला लागलं की मी लोकांकडे पाठ करून जेवतो, झोप चार तासांवर येते, प्लग तपासतो. असं दोन दिवस दिसलं तर दादाने मला ओपीडीला न्यावं, मी नाही म्हटलं तरी. मला करंटबद्दल वाद घालून समजावू नका, मी जास्त चिडतो. वहिनीने पोरांना घेऊन मामाकडे जावं.’ खाली त्याची सही, दादाची सही, तारीख, एक प्रत डॉक्टरांच्या केसपेपरला. २०१७ च्या कायद्यात आगाऊ निर्देश, म्हणजे बिघडल्यावर कसे उपचार हवेत हे आधीच लिहून ठेवण्याची, आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा माणूस, नेमण्याचीही सोय आहे. बरा असताना ते करून घेतलं की बिघडल्यावर कोण निर्णय घेणार यावरून भांडणं होत नाहीत.

सातवी पायरी: दिवसाचे तास

लंडनमधे १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत दिसलं की सतत टीका, टोमणे वा अति काळजी असलेल्या घरात, जिथे रुग्ण आणि घरचे आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर असतात, तिथे आजार जास्त उलटतो. आपल्या एका खोलीच्या घरांत ३५ तास तीन दिवसांत भरतात. म्हणून रोज काही तास घराबाहेर, स्वतःचं काहीतरी, ही पैशाइतकीच सुरक्षिततेची गोष्ट आहे. लगेच पूर्ण दिवसाची नोकरी बघू नका. आधी डे-केअर, मग अर्धा दिवस हलकं काम, मग पुढचं. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था पुनर्वसनाचं आणि कुटुंबांचं काम करते. तुरुंगातून बाहेर आलेल्यांसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ आहे. मालकाला किती सांगायचं हे रुग्णाने ठरवावं. पण नाईट शिफ्ट चालणार नाही एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागता येतं.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

घरातली भाषाही बदलावी लागते. ‘तुझ्यामुळे आम्हाला काय काय बघावं लागलं’ हे वाक्य खरं असतं, तरी रोज जेवताना वाढायचं नसतं. ते बोलायला घरच्यांचा गट किंवा समुपदेशक शोधा. तुम्हालाही त्याची गरज आहे.

आठवी पायरी: हमीपत्र आणि पुढच्या तारखा

हमीपत्रावर सही करणारा माणूस दोन गोष्टींना बांधील असतो: नीट सांभाळ आणि इजा होऊ न देणं, आणि सांगितलं जाईल तेव्हा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर त्याला हजर करणं. घरात सगळ्यांत भावनिक असलेल्याने नाही, जो प्रत्यक्ष बरोबर राहणार आहे त्याने सही करावी. अर्जासोबत डॉक्टरांचा ताजा रिपोर्ट, राहण्याचा पुरावा, उपचार कुठे घेणार त्या दवाखान्याची चिठ्ठी, आणि वर सांगितलेली योजना एका पानात जोडा. ‘आम्ही सांभाळू’ यापेक्षा ‘दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाशीच्या ओपीडीत इंजेक्शन, नेणारे अमुक, ते नसल्यास तमुक’ हे वाचून न्यायाधीशांना निर्णय घेणं सोपं जातं.

पहिले सहा महिने दर महिन्याला योजना उघडून बघा. काय बदललं? मृत्यू, लग्न, घर बदलणं, नोकरी सुटणं, गणपतीत वस्तीत रात्रभर स्पीकर, हे सगळं धोका हलवतं. गेल्या वर्षीचं मूल्यांकन या वर्षी चालत नाही.

रात्री बिघडलं तर: पोरांना आणि ज्याला धोका आहे त्याला आधी बाहेर काढा, वाद घालू नका, दार अडवून उभे राहू नका. ११२ ला फोन करून पहिल्याच वाक्यात सांगा की मानसिक आजार आहे, उपचार चालू आहेत, हातात हत्यार आहे किंवा नाही. जीवाचा धोका नसेल पण सल्ला हवा असेल तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मराठीत. पुन्हा दाखल करायचं झालं तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, आधी ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. खुणा दिसताच नेलं तर बहुतेकदा तेवढीही वेळ येत नाही.

घरी नेणं शक्यच नसेल तर

काही घरांना खरोखर शक्य नसतं. वडिलांचा खून झालेला असतो, किंवा आई ऐंशीची असते आणि दुसरं कुणी नसतं. अशा घराला लाज वाटायला लावणाऱ्यांचं ऐकू नका. पण ‘आम्ही नेत नाही’ म्हणजे ‘तो आयुष्यभर वॉर्डात’ असंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १९ मधे लिहिलं आहे की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही, किंवा बाहेर सोय नाही, केवळ एवढ्या कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. अर्धवाट-गृहं (हाफवे होम, म्हणजे दवाखाना आणि घर यांच्या मधली राहण्याची सोय), गटाने राहण्याची घरं उभी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. मागणी लेखी करा. मनोरुग्णालयाच्या अधीक्षकांकडे, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे एकच अर्ज द्या. त्यात दाखल झाल्याची तारीख, केस नंबर, डॉक्टरांनी स्थिर असल्याचं लिहिलेला दिनांक आणि तुम्ही काय देऊ शकता ते लिहा. महिन्यातून एक भेट, सणाला घरचं जेवण, फोन, जे खरोखर जमेल तेवढंच. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या, आणि ती प्रत त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, फाईलला लावा.